प्राणवायू आणि तान्ही नजर

जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडला तर बाळाच्या दृष्टीला होणारी इजा बहुतेक वेळा डोळ्यात होत नाही, मेंदूत होते. आणि त्याच बाळाला वाचवण्यासाठी दिलेला प्राणवायू बेताबाहेर गेला, विशेषतः बाळ अपुऱ्या दिवसांचे असले, तर होणारी इजा थेट डोळ्याच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर होते. जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांतील नवजात शिशू कक्षांमध्ये बाळांचे डोळे तपासण्याचे काम जो नेत्रतज्ज्ञ वर्षानुवर्षे करतो, त्याला आपल्या शिक्षणापैकी फार थोडे येथे कामी येते हे लवकरच कळून चुकते. मोतीबिंदूचा रुग्ण आजार घेऊन येतो आणि डॉक्टर तो काढून टाकतो, असा सरळ व्यवहार येथे नसतो. नुकसानीची वेळ नेत्रतज्ज्ञ दारात पोहोचण्याआधीच येऊन गेलेली असते, आणि ते टाळण्याचे साधन त्याच्या पेटीत नसून प्रसूतिकक्षातल्या, रुग्णवाहिकेतल्या आणि रात्रपाळीच्या सिस्टरच्या हातात असते. पुढील विवेचन या जाणिवेच्या आधारे केले आहे.

पूर्ण दिवसांच्या बाळाला नाळ दाबली गेल्याने, वार आधीच सुटल्याने किंवा प्रसूती अडून राहिल्याने प्राणवायू आणि रक्तपुरवठा अपुरा पडतो, तेव्हा त्याचे शरीर उरलेले रक्त जगण्यासाठी अत्यावश्यक असलेल्या अवयवांकडे वळवते, आणि मेंदूच्या बाहेरच्या थरांपैकी जे भाग दोन मोठ्या रक्तवाहिन्यांच्या सीमेवर पडतात त्यांची उपासमार होते. डोळ्याने टिपलेल्या प्रतिमेचा अर्थ लावणारा भाग मेंदूच्या मागच्या बाजूस असतो. या उपासमारीत तो किंवा त्याच्याकडे जाणारे मज्जातंतू सापडले, तर जे उद्भवते त्याला मेंदूजन्य दृष्टिदोष म्हणतात. अशा बाळाचा डोळा तपासला तर पडदा स्वच्छ दिसतो आणि बॅटरीचा उजेड टाकताच बाहुली आकसते, कारण बाहुली आकसण्याचा मार्ग मेंदूच्या त्या मागच्या भागातून जातच नाही. त्यामुळे केसपेपरवर ‘डोळे नॉर्मल’ असा शेरा पडतो, आई-वडील समाधानाने घरी जातात, आणि पाच-सहा महिन्यांनी आजी तक्रार घेऊन येते की बाळ दिव्याकडे टक लावून बघते, पण आईच्या तोंडाकडे बघत नाही. आजीचे हे निरीक्षण जवळजवळ प्रत्येक वेळी बरोबर निघते. पाळण्यावरच्या चिमणाळ्यातली हलती लाल चिमणी त्या बाळाला दिसते आणि ती थांबली की दिसेनाशी होते, घरात पाहुण्यांचा गलबला असला की त्याची नजर हरवते आणि दुपारच्या शांत वेळी परत येते. हे ऐकून पूर्वी ‘बाळ मंद आहे’ असे सांगून टाकले जाई. आता निदान काही ठिकाणी तरी जन्माचा इतिहास विचारला जातो.

तो इतिहास विचारण्याची नेत्रविभागात मुळात पद्धत नव्हती. डोळ्यांच्या बाह्यरुग्ण विभागात बाळ आले की पाणी येते का, चिपडे येतात का, डोळा तिरळा दिसतो का, एवढेच प्रश्न असत. ‘जन्मल्या जन्मल्या रडले होते का?’ हा प्रश्न बालरोगतज्ज्ञाचा समजला जाई. धुळे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातून आलेल्या एका आजीला अहिराणी बोलणाऱ्या वॉर्डबॉयने ‘पोऱ्या रडना का?’ असे तिच्या बोलीत विचारले, तेव्हा कागदपत्रांत कुठेही नसलेली हकिकत बाहेर आली: बाळ निळे पडले होते, बराच वेळ पाठ चोळली, तोंडावर पाणी मारले, मग ते कण्हले. डिस्चार्ज कार्डावर मात्र ‘साधी प्रसूती’ एवढेच लिहिलेले होते. त्यानंतर हा प्रश्न तपासणीच्या कागदावर पहिल्या ओळीत छापून घेण्यात आला.

पाठ चोळणे आणि पाणी मारणे यांत जी मिनिटे जातात त्यांतच दृष्टीचा निकाल लागतो, हे समजल्यावर नेत्रतज्ज्ञाला अंबू बॅगेविषयी, म्हणजे हाताने दाबून श्वास देण्याच्या पिशवीविषयी, बोलावे लागते, मग ते त्याच्या अधिकाराबाहेरचे का वाटेना. न रडलेल्या बाळाला कोरडे करून, मान किंचित मागे ठेवून, पहिल्या मिनिटाच्या आत पिशवी आणि मास्कने श्वास द्यायचा असतो, आणि पूर्ण दिवसांच्या बाळासाठी त्या पिशवीत साधी हवा, म्हणजे एकवीस टक्के प्राणवायू, सुरुवातीला पुरतो. शंभर टक्के प्राणवायूपेक्षा साधी हवा कमी पडत नाही, हे दाखवणाऱ्या सुरुवातीच्या अभ्यासांपैकी एक १९९३ साली दिल्लीतून प्रसिद्ध झाला होता. त्याआधीच्या पिढीतल्या डॉक्टरांना सिलिंडर नसलेला प्रसूतिकक्ष हतबल वाटे, आणि खेड्यातली सुईण तर हिशेबातच धरली जात नसे. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर ही समजूत गडचिरोलीत मोडली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घेण्याचे शिक्षण दिले, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे हा त्या शिक्षणाचा भाग होता, आणि ३९ गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. त्या अभ्यासाचा विषय मृत्यू हा होता, दृष्टी हा नव्हता. तरीही जे बाळ वेळेत श्वास घेते त्याच्या मेंदूचा मागचा भागही त्याच श्वासावर वाचतो. केंद्र सरकारचा नवजात शिशू सुरक्षा कार्यक्रम २००९ साली सुरू झाला तेव्हापासून हे कौशल्य प्रसूतिकक्षातल्या प्रत्येकाला यावे अशी अपेक्षा आहे. अपेक्षा आणि सराव यांत अंतर पडते ते बहुधा रात्री, बदली कर्मचाऱ्यांच्या पाळीत.

यानंतरचा धोका रस्त्यावर असतो, आणि खानदेशात तो दुर्लक्षून चालत नाही. चोपडा, यावल, रावेर किंवा शिरपूर तालुक्यांतल्या सातपुड्याच्या पाड्यांवरून बाळ जिल्ह्याच्या गावी येईपर्यंत, डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत, ते गार पडते. गार पडलेले बाळ ऊब टिकवण्यासाठी अंगातली साखर जाळते, आणि मधल्या काळात त्याला आईचे दूध न देता मध किंवा गुळाचे बोट चाटवलेले असते. उन्हाळ्यात येथे पारा पंचेचाळिशीच्या आसपास जातो म्हणून बाळ गार पडण्याची भीती कोणाला खरी वाटत नाही, पण जेमतेम दीड किलोचे ओलसर बाळ पहाटेच्या जीपमध्ये गार पडायला फार थंडी लागत नाही. रक्तातली साखर फार खाली गेली आणि तशीच राहिली, तर तान्ह्या मेंदूचा जो भाग विशेषकरून जळतो तो नेमका दृष्टीचा मागचा भाग असतो. एमआरआयच्या फिल्मवर हा डाग पाहिल्यावर, ज्या बाळाचा श्वास वेळेवर सुरू झाला होता त्याची नजर का गेली, याचा उलगडा होतो. यावरचा इलाज स्वस्त आहे, आणि कदाचित त्यामुळेच त्याला मान मिळत नाही: जन्मानंतर तासाभरात आईचे दूध, आणि प्रवासात बाळ कपड्याच्या गाठोड्यात न ठेवता आईच्या किंवा बापाच्या उघड्या छातीशी बांधणे. यालाच कांगारू पद्धत म्हणतात आणि ती १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात, बाळांना ऊब देणाऱ्या पेट्या अपुऱ्या पडत होत्या म्हणून, सुरू झाली. बापाने शर्टाची बटणे उघडून बाळ छातीशी घ्यायचे, ही कल्पना आपल्याकडच्या सासरच्या मंडळींना प्रथम चमत्कारिक वाटते. मात्र एकदा बाळ गुलाबी पडताना पाहिले की त्यावर वाद होत नाही.

गुदमरलेल्या बाळाचे शरीर ७२ तास साधारण साडेतेहेतीस अंशांवर गार ठेवून मेंदूची इजा कमी करण्याची पद्धत श्रीमंत देशांत रूढ आहे, आणि आपल्याकडेही ती आणावी असा उत्साह होता. भारत, श्रीलंका आणि बांगलादेश येथील रुग्णालयांत झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हेलिक्स’ या चाचणीत गार ठेवलेल्या बाळांत मृत्यू उलट अधिक आढळले, त्यामुळे यंत्र विकत घेण्याआधी थांबणे शहाणपणाचे ठरले. परदेशात सिद्ध झालेले सर्व काही आपल्या बाळांना लागू पडते असे नाही, एवढा धडा त्यातून घेण्याजोगा आहे.

आता उपायानेच होणारी इजा. बाळाच्या दृष्टिपटलातल्या रक्तवाहिन्या गर्भाच्या साधारण सोळाव्या आठवड्यात मधल्या नसेपासून निघतात आणि कडेपर्यंत पोहोचायला जवळजवळ पूर्ण दिवस घेतात. बाळ तिसाव्या आठवड्यात जन्मले तर पडद्याचा बाहेरचा भाग रिकामाच असतो. गर्भात प्राणवायू कमी असतो आणि वाढीचा संकेत त्या कमतरतेतूनच मिळतो. जन्मानंतर बाळाला भरमसाट प्राणवायू मिळाला की संकेत बंद पडतो आणि वाहिन्यांची वाढ खुंटते. काही आठवड्यांनी तोच रिकामा भाग वाढू लागतो, त्याला प्राणवायू कमी पडतो, आणि तो इतका मोठा संकेत पाठवतो की वेड्यावाकड्या, ठिसूळ वाहिन्या फुटून येतात, त्यांच्या मागे जाळे तयार होते आणि ते जाळे पडदा ओढून सोडवते. या विकाराला सर्वत्र आरओपी म्हणतात. तो १९४२ साली अमेरिकेत प्रथम नोंदला गेला, १९५१ साली मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी प्राणवायूकडे बोट दाखवले, आणि १९५०च्या दशकातल्या मोठ्या अमेरिकन चाचणीने ते खरे ठरवले. मग सगळीकडे प्राणवायू आखडता घेण्यात आला. आंधळेपणा घटला, पण १९७३ साली इंग्लंडमध्ये मांडलेल्या एका हिशेबानुसार वाचलेल्या प्रत्येक नजरेमागे सुमारे सोळा बाळे प्राणवायूअभावी दगावली असावीत. ‘प्राणवायू वाईट’ असे नवशिक्यांना शिकवून मोकळे होणाऱ्यांनी हा आकडा जवळ ठेवावा. २०१० सालच्या ‘सपोर्ट’ चाचणीतही रक्तातल्या प्राणवायूची पातळी ८५ ते ८९ टक्के ठेवलेल्या बाळांत डोळ्यांचा गंभीर विकार कमी आणि मृत्यू अधिक, असेच दिसले. म्हणून आता अपुऱ्या दिवसांच्या बाळासाठी ९० ते ९५ ही पट्टी धरली जाते.

ही पट्टी पाळणे सोपे नाही. पल्स ऑक्सिमीटरचा आकडा १०० दाखवत असला की कक्षातल्या सगळ्यांना हायसे वाटते, नातेवाइकांना तर काचेतून तेवढाच आकडा वाचता येतो. परंतु ९५च्या वर गेल्यावर तो आकडा रक्तात प्राणवायू किती जास्त आहे हे सांगण्यास असमर्थ होतो, आणि १०० या आकड्याखाली बेताचा प्राणवायू असू शकतो तसा तिप्पटही असू शकतो. भिंतीतल्या नळीतून येणारा प्राणवायू हवेत मिसळून देणारे ब्लेंडर नावाचे उपकरण नसेल, तर हूडखाली ठेवलेल्या बाळाला किती टक्के मिळतात हे कोणालाच ठाऊक नसते; फ्लो मीटरमधली गोळी ‘दोन लिटर’वर आहे एवढेच दिसते. एका कक्षात हे चित्र बदलले ते कुठल्याही आदेशाने नव्हे. तिथल्या एका वरिष्ठ सिस्टरने प्रत्येक मॉनिटरच्या पडद्यावर ९०च्या आणि ९५च्या आकड्याची लाल चिकटपट्टी लावली, वरच्या मर्यादेचा गजर, जो कटकट नको म्हणून कायम बंद असे, तो चालू केला, आणि तो वाजला की गोळी खाली आणण्याची मुभा प्रत्येक शिकाऊ परिचारिकेला, डॉक्टरची वाट न पाहता, दिली. नंतर त्या कक्षातल्या बाळांच्या पडद्यांवर तीव्र अवस्था क्वचित दिसू लागली. याला शास्त्रीय पुरावा म्हणता येणार नाही, पण तपासणाऱ्या डोळ्याला तो फरक जाणवत होता.

भारतात पाश्चात्त्य देशांपेक्षा मोठ्या, वजनदार बाळांनाही आरओपी होतो तो मुख्यतः बेहिशेबी प्राणवायूमुळे. म्हणून आपल्या मार्गदर्शक सूचनांत ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोहून कमी वजनाच्या प्रत्येक बाळाची तपासणी येते, आणि त्याहून मोठ्या पण जन्मतः गुदमरलेल्या, जंतुसंसर्ग झालेल्या किंवा फार काळ प्राणवायूवर राहिलेल्या बाळाचा निर्णय बालरोगतज्ज्ञावर सोपवलेला असतो. पहिली तपासणी जन्मानंतर तीस दिवसांच्या आत झाली पाहिजे, अगदी लहान बाळांची दोन ते तीन आठवड्यांत. तपासणी दिसायला क्रूर असते. बाहुली मोठी करणारे थेंब घालायचे, बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळायचे, जिभेवर साखरेचे पाणी किंवा आईचे दूध ठेवायचे, तारेच्या नाजूक चिमट्याने पापण्या उघड्या धरायच्या आणि डोक्यावरच्या दिव्यातून, हातातल्या भिंगामधून पडद्याच्या कडा पाहायच्या. बाळ आकांत करते, आणि बाहेर ‘आत डोळा काढून बघतात’ अशी अफवा पसरते. आईला आत उभी करून भिंगातला नारिंगी गोल दाखवणे हा या अफवेवर सापडलेला एकमेव उतारा आहे.

परंतु बाळ तपासणीला येणे हाच खरा प्रश्न राहतो, आणि तो वैद्यकाचा नसून पंचांगाचा आहे. बाळंतीण आणि बाळ सव्वा महिना घराबाहेर पडत नाहीत. तीस दिवसांची मुदत या सव्वा महिन्याच्या आत संपते. आशा कार्यकर्तीच्या ठरावीक गृहभेटी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी असतात. अठ्ठाविसाव्या दिवशी कोणी आठवण केली नाही तर पुढची भेट होईतो मुदत उलटलेली असते. त्यातच पहिले बाळंतपण माहेरी, नोंद सासरच्या पत्त्यावर आणि फोन नंबर नवऱ्याचा, जो दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेला. ‘दोन महिन्यांनी या’ असे न सांगता ‘अमुक तारखेला, अमुक वारी, सकाळी’ असे सांगणे, आईच्या आईचा फोन नंबर घेणे आणि शक्य तिथे घरी सोडण्याआधीच पहिली तपासणी उरकून घेणे, या तीन गोष्टींनी जेवढी बाळे परत आली तेवढी कुठल्याही भित्तिपत्रकाने आली नाहीत. सव्वा महिन्याशी भांडण करण्यातही अर्थ नसतो. दवाखाना हा बाळाच्या पेटीचाच पुढचा भाग आहे, तिथे जाण्याने विटाळ मोडत नाही, असे एखाद्या वडीलधाऱ्या बाईने सांगितले की गाडी जुंपली जाते.

२०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतल्या एका प्रकरणात, मुदतपूर्व जन्मलेल्या मुलीची ही तपासणी न झाल्याने दृष्टी गेली म्हणून, सुमारे १ कोटी ८० लाख रुपयांची भरपाई देण्याचा निकाल दिला. त्याचा परिणाम झाला, पण संमिश्र. काही रुग्णालयांनी नेत्रतज्ज्ञाला नियमित बोलावणे सुरू केले. काहींनी डिस्चार्ज कार्डावर ‘डोळे तपासण्याचा सल्ला दिला’ असा रबरी शिक्का बनवून घेतला आणि खाली आईचा अंगठा घेतला. त्या शिक्क्यासह, पांढरी झालेली बाहुली घेऊन सातव्या महिन्यात आलेले बाळ ज्याने पाहिले आहे, त्याला कागदोपत्री सुरक्षितता या शब्दांविषयी फारसा आदर उरत नाही. त्या अवस्थेत पडदा पूर्ण सुटलेला असतो आणि शस्त्रक्रियेने हाती काही लागत नाही.

वेळेत सापडले तर मात्र उपचार खात्रीचे आहेत, आणि ते ४८ ते ७२ तासांत व्हावे लागतात. लेसरने पडद्याचा रिकामा भाग भाजून काढला की वेडा संकेत थांबतो. डोळ्यात इंजेक्शन देऊनही तो थांबवता येतो आणि ते काही मिनिटांचे काम असते, परंतु इंजेक्शननंतर विकार काही महिन्यांनी उलटू शकतो, म्हणून बाळ पुन्हा पुन्हा दाखवावे लागते. जे कुटुंब आठवड्याभरात कारखान्याच्या फडावर निघणार आहे, त्याच्या बाळाला सोपे म्हणून इंजेक्शन देणे हा निर्णय पाठ्यपुस्तकात बरोबर आणि खानदेशात चूक ठरू शकतो. संमतीसाठी आजोबांची, कधी मामाची वाट पाहिली जाते आणि ७२ तासांतले २४ त्यात जातात. तेव्हा रागावण्यापेक्षा फोनवर त्या मामाशीच बोलणे लवकर फळते.

ज्यांच्या मेंदूला इजा झालेली आहे त्यांच्यासाठी असा एका बैठकीचा उपचार नाही, पण पहिली काही वर्षे मेंदू लवचीक असतो आणि नजर सुधारू शकते. यांपैकी पुष्कळ मुलांना जवळचे बघताना डोळ्याचे भिंग फुगवता येत नाही, आणि ही गोष्ट रेटिनोस्कोप घेऊन मुद्दाम पाहिल्याशिवाय कळत नाही. सहा-आठ महिन्यांच्या बाळाला जवळचा चष्मा लावला की ते पहिल्यांदा स्वतःचे हात पाहू लागते. चष्म्याला घरचे हसतात, इतक्या लहान बाळाला चष्मा कशाला, म्हणून तो कपाटात जातो. तो लागतच राहावा यासाठी पाठपुरावा करणे हेच जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रातल्या माणसांचे खरे काम ठरते.

ही मुले शाळेत गेली की वेगळीच अडचण उभी राहते. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र तक्त्यावरची अक्षरे आणि दृष्टीचे क्षेत्र मोजून मिळते, आणि यातली काही मुले शांत खोलीत, एकेक अक्षर दाखवले तर तक्ता वाचतात, पण गजबजलेल्या वर्गात फळ्यावरची ओळ त्यांना सापडत नाही. मोजमापात ती बसत नाहीत आणि वर्गात ती ‘लक्ष नसलेली’ ठरतात. त्यांच्यासाठी शाळेतल्या बाईंना एक चिठ्ठी देण्याची पद्धत पाडावी लागली, आणि तिच्यात वैद्यकीय शब्द एकही नसतो: मुलाला पहिल्या बाकावर, दाराकडे पाठ करून बसवावे; पानावर एका वेळी एकच गणित ठेवून बाकीचे कोऱ्या कागदाने झाकावे; चित्राची कड जाड लाल रंगाने काढावी; हाक मारताना नाव घेऊन, मग थोडे थांबून, मगच वस्तू दाखवावी; आणि जवळचा चष्मा दप्तरात न राहता नाकावर राहतो आहे ना, एवढे रोज पाहावे.